सरकारी कॅमेऱ्याचा इतिहास कसा लिहावा : ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’च्या अभ्यासाची वाट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने मुंबईत स्वतःची चित्रपटनिर्मिती उभी केली. १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले, १९४३ मध्ये त्याची जागा इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया या खात्याने घेतली, त्याच्या जोडीला ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट सुरू झाला आणि १९४६ मध्ये हा सगळा व्याप गुंडाळला गेला. जेमतेम सहा वर्षांची ही कहाणी मुंबईत घडली आणि तिच्यात मुंबई-पुण्याची बरीच माणसे गुंतलेली होती. तरीही चित्रपटाचा इतिहास म्हटला की आपण फाळके, बाबूराव पेंटर आणि प्रभात यांच्याकडे वळतो व सरकारच्या कॅमेऱ्याला एखाद्या तळटीपेत बसवतो. या विषयावर शोधनिबंध, दीर्घ लेख किंवा पुस्तकाचे एखादे प्रकरण लिहू इच्छिणाऱ्याने काम कसे करावे, कोणती कागदपत्रे आधी वाचावीत आणि कोणत्या ठिकाणी सावध राहावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

पहिली सूचना अशी की चित्रपट पाहून आरंभ करू नये. चित्रपटाच्या इतिहासाबद्दल असे सांगणे विचित्र वाटेल, परंतु सरकारी चित्रपटाचे खासगी चित्रपटापेक्षा मूळ वेगळेपण पडद्यावर दिसत नाही. ते चित्रपटगृहाच्या परवान्यात, राजपत्रात आणि अर्थसंकल्पाच्या मागणीत असते. खासगी निर्मात्याचा चित्रपट लोक तिकीट काढून पाहायला येत, म्हणून तो चालला की पडला यावरून प्रेक्षकांविषयी काही अनुमान करता येते. सरकारी अनुबोधपट (डॉक्युमेंटरी) मात्र लोकांनी निवडलेलाच नव्हता. तो मुख्य बोलपटाच्या आधी त्यांच्यासमोर आणून ठेवला जात होता. त्यामुळे प्रथम या सक्तीचा अभ्यास करावा आणि मग पडद्याकडे वळावे.

सक्तीचे मुख्य साधन म्हणजे डिफेन्स ऑफ इंडिया या युद्धकालीन नियमांतील ४४-अ हा नियम. १९४३ साली आलेल्या या नियमाने चित्रपटगृहांना प्रत्येक खेळात सरकारने मंजूर केलेले चित्रपट, सुमारे २,००० फुटांपर्यंत, दाखवणे बंधनकारक केले आणि त्यासाठी थिएटरमालकांकडून भाडेही घेतले गेले. म्हणजे सरकारच्या प्रचाराचा काही खर्च तो प्रचार दाखवण्यास बांधलेल्या माणसाच्याच खिशातून निघत होता. या एका तरतुदीतून संशोधनाचे निदान चार प्रश्न उभे राहतात. भाडे कोणत्या हिशेबाने ठरत होते? नियम मोडणाऱ्यावर कारवाई झाली का? लहान गावातल्या, एकाच यंत्रावर चालणाऱ्या थिएटराला हे कसे परवडले? प्रेक्षक त्या वेळात बाहेर पान खायला जात होते का? शेवटचा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण वृत्तपत्रांतील पत्रव्यवहारात आणि चित्रव्यवसायाच्या नियतकालिकांत अशाच प्रश्नांची उत्तरे सापडण्याचा संभव अधिक असतो.

येथे फुटांचे गणित पक्के करून घेणे उपयोगी पडते, कारण त्या काळचे सारे कागद मिनिटांत बोलत नाहीत, फुटांत बोलतात. ३५ मिलिमीटरच्या बोलपटाची फिल्म प्रक्षेपण यंत्रातून मिनिटाला ९० फूट या वेगाने जाते, म्हणून २,००० फूट म्हणजे सुमारे २२ मिनिटे. कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे १९४२ मध्ये कथापटांच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घालण्यात आली, म्हणजे कथापट दोन तासांच्या आसपास आला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निर्मात्यांचा संताप समजतो. ज्या कारणासाठी त्यांच्या चित्रपटांना कात्री लागली, त्याच कारणाच्या काळात सरकारचे २२ मिनिटांपर्यंतचे चित्रपट प्रत्येक खेळाला जोडले गेले. लांबीचा आकडा प्रत्येक टाचणावर न विसरता लिहावा. एकाच चित्रपटाच्या दोन नोंदींत लांबी वेगळी आढळली, तर बहुधा ती वेगळी आवृत्ती, कापलेली प्रत किंवा दुसऱ्या भाषेतील निवेदन असते, आणि त्या फरकातच पुष्कळदा गोष्ट दडलेली असते.

यानंतर कालपट तयार करावा, आणि तो करताना चित्रपटांच्या तारखा राजकारणाच्या तारखांपासून वेगळ्या ठेवू नयेत. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदी नेत्यांना न विचारता देश युद्धात ओढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड त्यानंतरच्या पोकळीत, १९४० साली जन्माला आले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर हिंदी कम्युनिस्टांची युद्धाबद्दलची भूमिका बदलली, ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक आली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे देशातले अनेक पुढारी तुरुंगात असताना, इन्फर्मेशन फिल्म्सची स्थापना व ४४-अ ची सक्ती झाली. हा क्रम समोर असल्याशिवाय कोणत्याही एका चित्रपटाचा सूर नीट ऐकू येत नाही.

त्याही मागे थोडे जाणे आवश्यक आहे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सेन्सॉरची चौकट दिली होती आणि टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीने १९२७-२८ मध्ये देशभर साक्षी नोंदवून चित्रपटाबाबत सरकारने काय करावे याचा ऊहापोह केला होता. त्या साक्षींचे खंड वाचताना सरकारी अधिकारी, शिक्षक, थिएटरमालक आणि निर्माते यांची चित्रपटाकडे पाहण्याची दृष्टी कशी वेगवेगळी होती हे कळते. त्यापुढील दशकात के. एस. हिर्लेकर, डॉ. पी. व्ही. पथी, दी. गो. तेंडुलकर अशी युरोपात जाऊन आलेली मंडळी शैक्षणिक व वास्तवदर्शी चित्रपटांसाठी धडपडत होती. ही बाब मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की अनुबोधपट हा प्रकार युद्धासाठी लंडनहून पेटीत घालून येथे आणला गेला, असा समज अनेक लेखांत आढळतो. तो अर्धाच खरा आहे. कौशल्य आणि इच्छा येथे आधीपासून होती. सरकारने पैसा, कच्ची फिल्म आणि सक्तीचा प्रेक्षक पुरवला.

माणसांविषयी लिहिताना सर्वाधिक संयम हवा. फिल्म ॲडव्हायझरी बोर्डाच्या अध्यक्षपदी वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया होते. धाडसी स्टंटपटांचा हा निर्माता सरकारी मंडळाच्या खुर्चीवर का बसला, या प्रश्नाचे ‘सरकारशी सलगी’ हे उत्तर फार सोपे आहे. वाडिया एम. एन. रॉय यांच्या विचारांचे होते आणि फॅसिझमचा पराभव हे पहिले कर्तव्य मानून युद्धाला पाठिंबा द्यावा, ही रॉय यांची उघड भूमिका होती. प्रत्यक्ष निर्मितीची सूत्रे आरंभी लंडनहून आलेल्या अलेक्झांडर शॉ या अनुबोधपटकाराकडे होती. ते येथे फार काळ राहिले नाहीत. त्यांच्यानंतर ती जबाबदारी काही काळ व्ही. शांताराम यांच्याकडे आली आणि पुढे कलकत्त्यात जन्मलेल्या, हॉलिवूडचा अनुभव घेऊन परतलेल्या एझ्रा मीर यांनी ती दीर्घकाळ सांभाळली. प्रत्येकाचे येण्याचे आणि जाण्याचे कारण निराळे आहे. देशभक्त आणि सरकारधार्जिणे अशा दोन रांगांत यांना उभे करण्याचा मोह टाळावा, आणि आत्मचरित्रांतील स्पष्टीकरणे स्वातंत्र्यानंतर लिहिली गेली आहेत हेही विसरू नये. १९४१ साली घेतलेल्या निर्णयाचे कारण कित्येक वर्षांनी सांगताना माणूस मधल्या काळाचा विचार करूनच सांगतो. अशा आठवणींना समकालीन पत्र, करार किंवा वृत्तपत्रातील निवेदन यांची जोड मिळाली तरच त्यांवर विधान उभारावे.

या संदर्भात एक उदाहरण सविस्तर अभ्यासण्यासारखे आहे आणि ते मराठी वाचकाच्या जवळचेही आहे. १९४३ पासून कच्च्या फिल्मचे वाटप परवान्याने होऊ लागले आणि युद्धप्रयत्नाला साह्य करणारे कथापट काढावेत असा दबाव परवानाधारक निर्मात्यांवर आला. त्या चौकटीत राहून शांताराम यांनी राजकमलतर्फे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला व तो १९४६ मध्ये आला. कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या पुढाकाराने चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील डॉक्टर होते आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. चीन हा ब्रिटनचा दोस्त आणि जपान हा शत्रू, म्हणून सरकारला आक्षेप घेण्यास जागा नव्हती. नायक काँग्रेसने पाठवलेला, म्हणून राष्ट्रीय वृत्तीच्या प्रेक्षकाला तो आपला वाटणारच होता. सरकारी फिल्म-धोरणाचा इतिहास फक्त सरकारी चित्रपटांपुरता लिहिला तर अशी चतुराई हातून निसटते. म्हणून खात्याच्या निर्मितीबरोबर परवान्यांच्या फाईलीही पाहाव्यात, आणि कोणत्या निर्मात्याने कोणत्या विषयासाठी फिल्म मागितली व मिळाल्यावर प्रत्यक्षात काय काढले, याची एक स्वतंत्र वही ठेवावी.

आता कागद कोठे मिळतील ते पाहू. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या राजकीय शाखेची आणि १९४१ मध्ये निर्माण झालेल्या माहिती व नभोवाणी खात्याची दप्तरे आहेत. त्यांतील काही भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतो. शोध घेताना केवळ संस्थेचे नाव टाकून थांबू नये. ‘सिनेमा’, ‘पब्लिसिटी’, ‘वॉर फिल्म्स’, ‘रॉ फिल्म’, ‘मोबाइल सिनेमा व्हॅन’ अशा त्या काळच्या कारकुनी शब्दांनी शोधले तर अधिक हाती लागते. लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या माहिती विभागाची कागदपत्रे आहेत. मुंबई सरकारचे कागद एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुरालेखागारात पाहावेत, कारण नियम दिल्लीत झाला तरी परवाने, तपासणी आणि सेन्सॉर यांची अंमलबजावणी प्रांताकडे होती. मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाने प्रमाणित केलेल्या चित्रपटांच्या याद्या राजपत्रात लांबीसह छापल्या जात. या रूक्ष याद्या कालपट तपासण्यासाठी सर्वांत विश्वासार्ह ठरतात.

फाईल हाती आली की बहुतेक नवे अभ्यासक अंतिम पत्र वाचून ते टिपून घेतात आणि फाईल परत करतात. खरा मजकूर पत्राच्या आधीच्या टिपणांत असतो. एका अधिकाऱ्याने काय सुचवले, वरच्याने समासात काय लिहिले, मसुद्यातील कोणते वाक्य खोडले गेले आणि अर्थ खात्याने कोठे हरकत घेतली, हे सारे तेथे तारखांसह सापडते. ‘के. डब्ल्यू.’ अशी खूण असलेले जोडकागद असतील तर ते आग्रहाने मागवावेत. वसाहतीच्या सरकारला एकच मन होते, असा जो समज आपण शाळेपासून बाळगतो तो अशी टिपणे वाचताना गळून पडतो. एक विभाग चित्रपटांवर भिस्त ठेवतो, दुसरा त्यांना पैशाची नासाडी म्हणतो आणि तिसऱ्याला केवळ आपल्या जिल्ह्यात गडबड होऊ नये एवढेच हवे असते.

चित्रपटांच्या प्रती पाहण्यासाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम या दोन ठिकाणांपासून सुरुवात करावी. वॉर म्युझियमकडे ‘इंडियन न्यूज परेड’चा मोठा संग्रह आहे, आणि ब्रिटिश संग्रहालयांनी मिळून वसाहतकाळातील चित्रपटांची जी सूची इंटरनेटवर ठेवली आहे तिच्यात अनेक चित्रपटांची वर्णने व काही चित्रपट प्रत्यक्षही आहेत. मात्र जे टिकले तेच काढले गेले होते असे धरून चालू नये. त्या काळची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही होती. पुण्यातच २००३ साली नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांचे मोठे नुकसान झाले. एखाद्या विषयावर चित्रपट सापडला नाही तर ‘सरकारने या विषयाकडे दुर्लक्ष केले’ असे लिहिण्याआधी याद्या, फाईली आणि जाहिराती तपासून घ्याव्यात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळासारखा विषय हाताळताना ही खबरदारी विशेष महत्त्वाची आहे, कारण तेथे मौन हाच पुरावा असू शकतो, पण ते मौन आधी सिद्ध करावे लागते.

चित्रपट पाहताना चित्र आणि निवेदन यांची टिपणे वेगवेगळी करावीत. यातील बऱ्याच चित्रपटांत दृश्ये एक सांगतात आणि वरून येणारा आवाज दुसरेच सांगतो. आधी आवाज बंद करून पाहावे व कॅमेरा कोणाकडे किती वेळ रोखला आहे ते लिहावे. नंतर आवाजासह पाहावे. उदाहरणादाखल ‘ट्री ऑफ वेल्थ’ हा १९४४ चा नारळाच्या झाडाविषयीचा अनुबोधपट घ्यावा. सैन्यभरती, कारखाने आणि आघाडीवरची दृश्ये यांच्या गर्दीत ऐन युद्धात सरकारच्या पैशाने नारळावर चित्रपट का निघतो? प्रेक्षकाला सतत तोफा दाखवून चालत नाही हे निर्मात्यांना उमगले होते काय, की देशातील साधनसंपत्ती दाखवणे हाही युद्धाचाच भाग मानला जात होता, की अनुबोधपटकारांनी सरकारी पैशात आपल्या आवडीचे विषय हळूच बसवून घेतले? माझा कल तिसऱ्या शक्यतेकडे आहे, परंतु प्रत्येक चित्रपटासाठी उत्तर स्वतंत्रपणे शोधावे लागेल. हस्तकला, नृत्य, शेती यांवरचे हे चित्रपट ‘निरुपद्रवी’ म्हणून बाजूला सारणे ही मात्र चूक ठरेल. पुढे स्वतंत्र भारताच्या अनुबोधपटांचे विषय आणि त्यांचा तो सर्वज्ञ निवेदक, दोन्हींची बीजे याच गटात आहेत.

भाषेचा प्रश्न मराठी अभ्यासकाने सोडूच नये. हे चित्रपट इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू या पाच भाषांत निघत. निर्मिती मुंबईत, तंत्रज्ञांत मराठी माणसे, पण भाषांच्या या नेमाच्या यादीत मराठी नाही. मग नगर किंवा साताऱ्याच्या पिटातला प्रेक्षक हिंदुस्थानी निवेदन ऐकत होता, आणि त्याला त्यातले किती कळत होते? ज्या सातारा जिल्ह्यात १९४३ नंतर प्रतिसरकार गावोगाव आपली न्यायदान मंडळे चालवत होते, तेथील चित्रपटगृहांत सरकारी वार्तापट दाखवला जात असताना काय घडत असेल, हे जिल्ह्याच्या पोलीस अहवालांत आणि स्थानिक वृत्तपत्रांत शोधण्याजोगे आहे. पुण्याला ‘केसरी’ आणि ‘सकाळ’चे जुने अंक, मुंबईला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय या कामी उपयोगी पडतील. इंग्रजी नियतकालिकांपैकी बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ अवश्य वाचावे, पण ते वाचताना पटेलांची जीभ किती तिखट होती याचे भान ठेवावे. त्यांच्या टीकेवरून व्यवसायाचा रोष कळतो, सर्वसामान्य प्रेक्षकाचे मत कळतेच असे नाही.

भूगोलाची एक मेख आहे. डिफेन्स ऑफ इंडिया कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होता. पुणे, सोलापूर, नाशिक त्यात येत. कोल्हापूर, सांगली, औंध ही संस्थाने होती, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता. ‘महाराष्ट्रात ४४-अ लागू झाला’ असे सरसकट वाक्य त्यामुळे लिहिता येत नाही. कोल्हापूरसारख्या चित्रपटांच्या गावात दरबाराने स्वतंत्र हुकूम काढला होता का, हे तेथील दप्तरातच पाहावे लागेल. फिरत्या सिनेगाड्यांचे मार्गही असेच नकाशावर मांडून पाहावेत, कारण ज्या खेड्यांत चित्रपटगृह नव्हते तेथे नियमाचा काही उपयोग नव्हता आणि सरकारला पडदा घेऊन स्वतःच जावे लागत होते.

शेवटाचा अभ्यास मध्यवर्ती विधिमंडळाच्या कामकाजापासून करावा. त्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आता उपलब्ध आहेत. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, विधिमंडळाने या खात्याच्या खर्चाला पाठबळ नाकारले आणि इन्फर्मेशन फिल्म्स व न्यूज परेड दोन्ही बंद झाली. भाषणे वाचताना सभासदांचा राग चित्रपट या माध्यमावर आहे, सक्तीवर आहे की पैसा घेऊन परक्या सरकारची बाजू मांडण्यावर आहे, हे वेगवेगळे करून पाहावे. या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की १५ ऑगस्ट १९४७ च्या सत्तांतराच्या वेळी सरकारकडे स्वतःचे चित्रणपथकच उरले नव्हते आणि तो दिवस फिल्मवर टिपण्याचे काम खासगी व परदेशी छायाचित्रकारांनी केले.

तरीही आपल्या लेखाची सीमारेषा १९४६ वर आखू नये असे मी आग्रहाने सुचवीन. १९४८ मध्ये मुंबईतच फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले, मोहन भवनानी त्याचे पहिले मुख्य निर्माते झाले, पुढे १९५० च्या दशकात हे पद एझ्रा मीर यांच्याकडे आले, आणि चित्रपटगृहाच्या परवान्यातील अटीद्वारे अनुबोधपट दाखवण्याची सक्ती व त्याचे भाडे दोन्ही परत आले. सरकार बदलले असताना यंत्रणेतले नेमके काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे दाखवण्यासाठी ४४-अ चा मजकूर आणि स्वातंत्र्यानंतरच्या परवान्यातील अट दोन स्तंभांत समोरासमोर ठेवावी, तसेच १९४४ आणि १९४९ मधील एकाच विषयावरचे दोन अनुबोधपट लागोपाठ पाहून त्यांची टिपणे वर सांगितल्याप्रमाणे आवाजाविना आणि आवाजासह, अशी दोनदा करावीत. हे प्रकरण लिहून झाल्यावरच प्रस्तावनेला हात घालावा.